मसणवाट मोकळी होती

धाटाव, ता. १९ जानेवारी २०२५

प्रिय नमिताताईस,

दत्ताचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमच्या जोह्याला गणपतीच्या मूर्तींचं काम सुरू झालं असेल, पण अशा दिवसांत तू फार वेळ उकिडवी बसू नकोस. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात, म्हणून पत्र लिहितोय.

कंपनीतली केमिकलची टाकी फुटली ते तुला कळलंच. आपल्या कोंबड्या गेल्या, माणसं सगळी सुखरूप. आई बरी आहे.

सगळे सुटले कसे, असं तू विचारलंस. कंपनीनं मला लाल झेंडा देऊन तिठ्यावर उभं केलं होतं. वारा डांबरी रस्त्याकडे वाहत होता, म्हणून तो रस्ता अडवायचा आणि माणसं नदीकडे काढायची. नदीकडची वाट म्हणजे आपली मसणवाट. पुढे मयत असेल तरच त्या वाटेनं जायचं, नाहीतर मरण मागे लागतं, हे आईनंच आपल्याला शिकवलेलं. पोरं, म्हातारे, शिफ्टवाल्यांच्या मोटारसायकली, सगळं तिठ्यावर तुंबलं. वाट मोकळी होती, पण पाऊल कोणी टाकेना. शेजारचा काळुरामदादा माझ्या अंगावर आला, "झेंडा बाजूला घे, नायतर तुलाच आडवा करीन." धूर तिठ्याजवळच्या पिंपळापर्यंत आला होता.

तेवढ्यात आईनं कोणाच्या तरी मांडवाची शिडी ओढत आणली, रस्त्यात टाकली आणि तिच्यावर आडवी झाली. "उचला मला. मी मेले. आता तरी चला मागं."

चौघांनी उचललं. आणि ताई, अख्खी वाडी गुमान मागून निघाली. बायका तर खरंच रडत होत्या. मी झेंडा धरून तिथंच उभा होतो. शिडीवरून लोंबणारा आईचा हात तेवढा दिसत होता.

आई बरी आहे असं वर लिहिलं. जेवते, बोलते. पण त्या दिवसापासून ओटीवरच असते, उंबरा ओलांडत नाही. शिडीवरून गेलेलं माणूस घरात परत येत नाही, म्हणते. मी आधी हसण्यावारी नेलं. "अगो आई, वाडी वाचवलीस तू," म्हटलं. तर म्हणाली, "व्हय. पन गेले ना मी."

आता वाडीही तसंच धरून चाललीय. काळुरामदादाची पोरं तिच्यामुळे जगली, तोच तिला बघून वाट बदलतो. तिच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. काल तुझ्या भावजयीनं, दर्शनानं, तिचं ताट लांबूनच सरकवलं. मी भांडलो. पण खरं सांगू? ओटीवर ती खोकली की मीही दचकतो. आपल्याच आईला भितो मी, ताई.

बाळंतपणाला तू इकडे येणार नाहीस, असा तुझ्या सासूबाईंचा निरोप आला. कारण त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. आईला मी काही बोललो नाही. ती रस्त्याकडे बघत रोज विचारते, "नमी माझ्या दहाव्याला आली नाय रं?"

तू ये. पेणहून गाडी करून ये, सासूबाईंशी मी बोलतो. दारात उभी राहून नुसतं म्हण, "आई, भूक लागली." पोटुशी लेक भुकेली आहे म्हटल्यावर ती चुलीपाशी गेल्याशिवाय राहायची नाही. आमच्या हाकेनं ती उठत नाही.

कधी येतेस कळव. तिठ्यावर उभा राहतो.

जिवंत आईचा मुलगा,
तुझा दत्ता