तुम्ही केलेला नियम

पप्पा,

तुमच्या चर्चच्या मंडळीनं माझा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला, आणि त्याला कारण तुम्ही आहात. असं एकदम म्हटलं असतं तर तुम्ही चष्मा काढून हातात धरला असता आणि म्हणाला असता, "आधीपासून सांग." तर आधीपासून सांगते.

तुम्ही गेल्यावर मी ब्लॉग सुरू केला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली एक जागा. तिथं आपण लिहायचं, आणि ज्याला वाटेल त्यानं वाचायचं. सुरुवातीला मी तुमच्याबद्दलच लिहायचे. श्रीरामपूरच्या आपल्या बंगल्यातलं स्वयंपाकघर, शनिवारची संध्याकाळ, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून उद्याच्या उपासनेतला संदेश तिला वाचून दाखवताय. तिचा हात थांबला की ते वाक्य राहायचं. ती थापतच राहिली की तुम्ही निमूटपणे त्यावर रेघ मारायचात. एकदा नाताळच्या कार्यक्रमासाठी मी प्रार्थना लिहून आणली, करुणासागर, दयानिधी असले शब्द भरलेली. तुम्ही दोन ओळी वाचून कागद परत दिलात. "हे देवाला ऐकवतेस, का पुढच्या बाकावरच्यांना?" मी रडले. पुढच्या वर्षी तुमचा घसा बसला तेव्हा मात्र तुम्ही अख्ख्या मंडळीसमोर तुमचा संदेश माझ्या हातात ठेवलात आणि मला वाचायला उभं केलंत. त्याहून मोठं काही मला कुणी दिलेलं नाही. हे सगळं मी लिहीत गेले. दुबईतल्या नर्स वाचायच्या, पुण्यात स्थायिक झालेले आपल्याकडचे लोक वाचायचे, केडगावचे एक निवृत्त शिक्षक तर प्रत्येक लेखावर चार ओळी लिहून पाठवायचे, "पाळकसाहेब डोळ्यांसमोर उभे राहिले." खरं सांगायचं तर माझा विश्वासही त्या लिहिण्यानंच तगला. तुम्ही गेल्यावर प्रार्थनेला बसले की शब्द यायचे नाहीत. लिहायला बसले की यायचे.

मग यंदाच्या उन्हाळ्यात माझी मैत्रीण गेली. तुम्ही ओळखता तिला. माझ्याबरोबर तुमच्या दृढीकरणाच्या धर्मशिक्षणाला बसायची, गाण्यात सगळ्यांच्या वर सूर लावायची. तिनं राहुरीकडच्या एका बौद्ध मुलाशी कोर्टात लग्न केलं होतं. त्यानं तिला चर्चला यायला कधी अडवलं नाही. रविवारी मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली पेपर वाचत बसायचा. काविळीनं ती गेली. आईच्या कबरीशेजारी मला ठेवा, एवढंच तिनं मागितलं होतं.

कबरस्तानाच्या गेटला कुलूप होतं. भर दुपार, ॲम्ब्युलन्स रस्त्यात उभी, आत ती. गेटसमोर मंडळीचे सगळ्यांत जुने पंच उभे होते, तरुणपणी तुमची बॅग घेऊन गावोगाव तुमच्या मागं हिंडणारे. ते म्हणाले, "खड्डा खनलेला न्हाई, आन खनायचा बी न्हाई. भाईर लगीन केल्यावर हितं जागा न्हाई. नियम हाय."

तिच्या नवऱ्यानं हात जोडले. "दादा, ती दर रविवारी इथं येत होती. तुम्ही स्वतः तिला सलाम करायचात."

"सलाम येगळा, माती येगळी," ते म्हणाले.

नवे पाळक तिथंच होते, तरुण आहेत. बायबल काखेत धरून ते जमिनीकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. शेवटी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मॅडम, ऊन लई हाय. काय ते ठरवा." आम्ही तिला राहुरीच्या पुढं, तिच्या सासरच्या शेतात नेलं. दिरांनी कालव्याच्या बाजूला खड्डा खणला. त्यांनी त्यांची वंदना म्हटली. मग सगळे माझ्याकडं वळले, आणि मी प्रभूची प्रार्थना म्हटली.

त्या आठवड्यात तिच्या नवऱ्याला विचारून मी सगळं लिहिलं आणि ब्लॉगवर टाकलं. मोठे शब्द नाहीत, कुणाचं नाव नाही. लेख व्हॉट्सॲपवर फिरला. मग कुणा अनोळखी माणसानं तो उचलला, वर आपल्या लोकांना शिव्या देणारा मथळा घातला आणि पुढं पाठवला. पाळकांचा फोन आला. "ताई, काढून टाका. बाहेर आपल्याकडं कसं बघतात ते तुम्हाला माहीत आहे. आपणच त्यांच्या हातात काठी द्यायची का?" ते खोटं बोलत नव्हते. मी भीत होते, पप्पा. पण लेख काढला असता तर तिला त्या गेटवरून दुसऱ्यांदा परत पाठवल्यासारखं झालं असतं.

पंचांनी बोलावलं. चर्चमागच्या त्या खोलीत, जिथं तुमचा फोटो लावलाय, मी तुमच्याकडं पाठ करून बसले. माफी माग, लेख काढ, असं एकेक जण सांगत होता. मी म्हणाले, "माझे वडील इथं असते तर त्यांनी ते कुलूप स्वतः उघडलं असतं."

जुने पंच माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या पप्पांनीच केलाय ह्यो नियम. एकाच्या पोरीनं भाईर लगीन केल्तं. ती वारली तवा चार घरं म्हनली, तिला आत घेतलं तर आमी मंडळी सोडतो. मंडळी फुटू नये म्हनून तुझ्या पप्पांनी नियम केला. आमी निस्ता पाळला."

ते बोलत असतानाच मला ती सकाळ दिसायला लागली. मी लहान आहे. बंगल्याच्या पायरीवर एक माणूस बसलाय, पागोटं मांडीवर ठेवून, आणि मोठ्यानं रडतोय. आई त्याला तांब्याभर पाणी देते. तुम्ही आत स्वयंपाकघरात आहात, ताट पुढं आहे आणि तुम्ही बाहेर येत नाही. मी विचारते, "पप्पा, ते का रडतात?" तुम्ही वर न बघता म्हणता, "भाकरी खा." एवढंच. इतकी वर्षं ती सकाळ माझ्याजवळ होती, पण तिचा अर्थ कधी लागला नव्हता.

घरी आल्यावर मला तुमचा इतका राग आला की तुमच्यावर लिहिलेले सगळे लेख पुसून टाकावेसे वाटले. तुम्ही ब्लॉगवरचे पप्पा होतात; मी तुम्हाला तसं करून ठेवलं होतं, आणि लोक त्या पप्पांना आठवून डोळे पुसत होते. काही दिवस मी काहीच लिहिलं नाही. मग दुसरा लेख लिहिला. नियम कुणी केला, का केला, आणि तो करणारा माणूस माझा बाप होता, हे साध्या शब्दांत लिहिलं. पायरीवरच्या त्या माणसाबद्दलही लिहिलं. आणि तो ब्लॉगवर टाकला.

वर्ग गेला तो त्यानंतर. जुने पंच आता सलामही घेत नाहीत. केडगावच्या शिक्षकांनी लिहिलं, "मेलेल्या बापाला असं उभं करू नये," आणि त्यानंतर त्यांचं काही आलं नाही. नियम अजून तसाच आहे. पण एका सोमवारी सकाळी पाळक माझ्या दारात आले आणि म्हणाले, "मला ती जागा दाखवा." आम्ही बसनं राहुरीला गेलो, तिथून रिक्षानं शेतात. तिचा नवरा उसाला पाणी देत होता. पाय न धुताच बांधावर आला. पाळकांनी झगा घातला, पुस्तक उघडलं आणि दफनाचा पूर्ण विधी केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता. संपल्यावर ते त्याला म्हणाले, "मला उशीर झाला." त्यानं मान हलवली. मग परत उसाकडं वळला. त्यानं माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

हे मी ब्लॉगवर टाकणार नाही. तुम्हाला वाचता येणार नाही हे मला कळतं, आणि ज्यांना वाचता येईल त्यांच्यासाठी हे नाही. कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. दुसऱ्या लेखाच्या शेवटी मी लिहिलंय, "माझ्या वडिलांना या नियमाची टोचणी आयुष्यभर होती." लोकांना तेच वाक्य सगळ्यांत आवडलं. पप्पा, तुम्हाला टोचणी होती की नाही, मला माहीत नाही. ते मी माझ्या मनानं घातलं. काढायला म्हणून आजही लेख उघडला होता, आणि तसाच बंद केला.