हराम म्हटलेलं पाणी

प्रिय दादा,

माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं. आता तर तू मेलासही. तरी लिहिते. उद्या नागपंचमी आहे, आणि माहेराहून, पेडगावहून, इथं झरीला माझ्या दारात न्यायला कुणी येणार नाही. सकाळपासून वाटेकडं बघायची खोड जाईना, म्हणून लिहिते.

त्या रझाकारांच्या धामधुमीत तू पंचमीला न्यायला आला नाहीस. मी वेशीत बसून राहिले. आठ दिवसांनी आलास, तर चारचौघांत तोंडावर बोलले, "तुझ्या घरचं पाणी मला हराम हाय!" वाटा बंद होत्या, तू मेंढरं लपवत फिरत होतास. पण मी सांगू दिलं का तुला?

शेजारच्या खालानं तेव्हाच झापलं होतं. "हराम म्हणजे अल्लानं मनाई केली ते. तू कोण गं ठरवणारी? राग आला तर राग म्हण!"

पण आपल्यात तो शब्द केवढा स्वस्त! पिकात शिरली की शेळी हरामखोर, ढेकूण चावले की झोप हराम. मला वाटलं, माझंही बोलणं दोन दिवसांत विरेल. कुठलं विरतंय! ज्याचं पाणी सोडलं, त्याच्यापुढंच ओंजळ धरायची, त्यानं पाणी घातलं की शब्द सुटला, ही आपली रीत. आणि मी ओंजळ धरणार? मी?

तू मात्र दर पंचमीला यायचास. मी निघायची नाही. भाकरी खायचास, आणि जाताना खांद्यावरच्या तुझ्या वाळक्या, पोकळ भोपळ्यातलं पाणी माझ्या रांजणात ओतायचास.

"अरे, वाटंत कुठं भरलेलं शिळं पाणी कशाला ओतायलास?"

"राहू दे गोदे. वझं कोण वागवंल परत?"

किती करवादायची मी! भोपळा दर वेळी गळ्यापर्यंत भरलेला कसा, हे मात्र ध्यानात आलं नाही.

तुझ्या तेराव्याला मी घरून पाण्याचा तांब्या घेऊन आले. हो, तिथंही! वहिनीनं तो पाहिला आणि रडता रडता हसली.

"वन्सं, ठिवा तो तांब्या. तुमचे दादा दर साली आपल्याच आडावरनं भोपळा भरून न्यायचे. वाटंत घशाला कोरड पडली तरी घोट घ्यायचे न्हाईत. म्हणायचे, गोदी ओंजळ धरायची न्हाई, तिचा रांजण तर धरंल!"

लबाडा! इतकी वर्षं मी तुझंच पाणी पीत होते, आणि वर तोंड करून हराम म्हणत होते! एकदा तरी सांगायचंस. भांडले असते, लय भांडले असते. पण आले असते ना रे.

भोपळा वहिनीनं मला दिलाय. उद्या न्यायला कुणी नसलं तरी मी चालत येते. भोपळा रिकामाच आणते. वाटेत कितीही तहान लागली तरी घोट घेणार नाही, दादा. आडावर येऊन वहिनीपुढं ओंजळ धरीन.

तुझी भांडखोर
गोदा