शर्यतीच्या ट्रकचं वायरिंग

२७ नोव्हेंबर १९८३, रविवार

भिकनदादाचा हात भाजला! उजवा तळवा. तो ज्यांच्याकडं ड्रायव्हर आहे त्या कारभारी अण्णांचा जुना मिलिटरी ट्रक, लिलावात घेतलेला पेट्रोलचा, शर्यतीच्या सरावाला म्हणून पेठच्या घाटात नेला होता. डॅशबोर्डाखालून धूर आला. चावी बंद केली तरी इंजिन चालूच! आतल्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. शेवटी यानं हातानंच उपटल्या.

आई हातावर पाणी ओतत होती. आबा म्हणाले, "द्राक्षं वाहायला ठेवलंय तुला, का शर्यती खेळायला?"

आणि हा हसतोय! "चांगुणा, सकाळी घाट काय दिसतो म्हणून सांगू. ढग खाली, आपण वर."

मी त्याचा हात बघायला बसले होते. ढगच बघत राहिले.

२९ नोव्हेंबर

अण्णा पिंपळगावहून दादाला बघायला आले. नाशिकच्या मोटार मंडळाची शर्यत त्याच घाटात, पंधरा जानेवारीला. नियम विचित्र आहे — मध्यावर, ऐन चढावर, गाडी थांबवायची. इंजिन बंद. मग पंधरा सेकंदांत सेल्फवर चालू करून पुढं. नाही झाली तर बाद.

"वायरिंगचा पार कोळसा झालाय," अण्णा म्हणाले. "भंगारात देतो आता. लय झाली हौस."

मी चहा देत होते. तोंडातून निघूनच गेलं — "मी करते."

अण्णांनी माझ्याकडं नाही, दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "वायरमन हाय ती, अण्णा. आयटीआय पास. दोन वर्षं झाली नाशिकरोडला दुकानात जळलेल्या मोटारी भरते, तारेचे वेढे घालून."

"बाई, हा पंखा नाय."

"पंखा अवघड असतो, अण्णा. शेकडो वेढे मोजून घालावे लागतात."

आई आतून खोकली. म्हणजे — गप्प बस.

१ डिसेंबर

आज दोनदा वेढे चुकले. मालक ओरडले. माझ्या डोळ्यांपुढं ट्रकच.

४ डिसेंबर, रविवार

पिंपळगावला गेले. ट्रक पॅकिंग शेडच्या मागं, खोक्यांच्या लाकडाच्या वासात उभा. थोराड आणि केविलवाणा! बॉनेट उघडलं तर वायरींचं जंजाळ — कुणीतरी कधीतरी जोडलेल्या, कुठंच न जाणाऱ्या.

सगळं काढलं. हॉर्न, वायपर, बंद पडलेले मीटर, डायनामो, दिवेसुद्धा. शर्यत दिवसाउजेडीच आहे, आणि भरलेली बॅटरी घाटापुरती पुरते.

नाथा मिस्त्री अण्णांच्या गाड्या बघतात. ते डोकं धरून बसले. "ताई, एवढं काढल्यावर राहील काय?"

"लागतं तेवढंच."

कागदावर काढून दाखवलं. बॅटरीनंतर लगेच एक मेन स्विच — तो पाडला की सगळं मेलं पाहिजे, पुन्हा कुणाचा हात भाजायला नको. तिथून जाड केबल स्टार्टरला. बारीक वायर इग्निशनच्या स्विचला, तिथून ठिणगी देणाऱ्या कॉइलला. आणि स्टार्टरसाठी एक बटण. बास.

नाथाभाऊंनी कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "असं साधं सुचायला हवं होतं राव."

येताना एसटीत खिडकीशी बसले. कागदावर जागा उरली होती. घाट काढला. मग ढग. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसेपर्यंत काढतच होते.

११ डिसेंबर, रविवार

केबली टाकल्या. प्रत्येक वायर क्लिपांनी पक्की बसवली, पत्र्यातून जाते तिथं रबर. त्याआधी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, घासून लाल रंग दिला होता — दोन हात! वाळल्यावर असा चमकत होता की उगाच हात फिरवत राहिले.

१८ डिसेंबर, रविवार

सगळे जमले होते. अण्णा, नाथाभाऊ, पॅकिंगच्या बायका. दादा पट्टी बांधलेल्या हातानं वर चढला. मेन स्विच. इग्निशन. बटण दाबलं —

कट्.

एवढंच. पुन्हा — कट्. बॅटरी भरलेली. स्टार्टर मी स्वतः तपासलेला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. "असू द्या," म्हणाले फक्त.

दादा वाटेत पट्टी सोडून पुन्हा बांधत होता. त्याचा हात बघवत नव्हता.

१९ डिसेंबर

दुपारी दुकानात एका मोटारीचा पाया कानशीनं घासत होते. रंगाचा भुगा उडाला.

रंग! माझाच रंग!

अर्थची पट्टी, चेसिसमधला करंट बॅटरीकडं परत नेणारी, मी चेसिसच्या त्या चमकत्या लाल रंगावर आवळली. कॉइलला चिमूटभर करंट लागतो, स्टार्टरला भरमसाट — तो रंगातून परत येणार कसा? लाज वाटली. आणि इतका आनंद झाला!

२५ डिसेंबर, रविवार

रंग खरवडला. लोखंड उजळ होईपर्यंत. इंजिनपासून चेसिसला आणखी एक जाड पट्टी दिली. बटण दाबलं आणि — ट्रक गरजला! बायकांनी टाळ्या पिटल्या.

मेन स्विच पाडला. क्षणात गप्प. पाच वेळा केलं.

अण्णा म्हणाले, "चूक सापडली आन् तू सांगितली. मिस्त्री लोक नाय सांगत." नाथाभाऊ दुसरीकडंच बघायला लागले.

१५ जानेवारी १९८४, रविवार

आज शर्यत झाली.

जोडीदार सक्तीचा होता. नाथाभाऊ तयार होऊन आले होते. दादा म्हणाला, "तळव्याची कातडी अजून ताठ हाय. बटण दाबायला चांगुणाच पाहिजे." आबा आले होते! नुसते म्हणाले, "पदर नीट खोच."

निघालो. धुकं असं की रस्ता आपल्यासाठी पुढं पुढं तयार होतोय असं वाटावं. ट्रक ओरडत होता, मी आतून अगदी शांत. मग चुन्याची रेघ. निशाणवाला. दादानं ब्रेकवर उभं राहून गाडी धरली, मी इग्निशन पाडलं.

काय शांतता ती! इंजिन टिकटिक करत निवत होतं. खालून कुठून तरी गुरांच्या घंटा. आणि धुकं फाटलं — ढग खाली, आम्ही वर. खरंच. मी पंधरा सेकंद विसरले.

"चांगुणा!"

दाबलं. पहिल्याच दणक्याला!

नऊ गाड्यांत आम्ही चौथे. दोन गाड्या त्या रेघेवरच राहिल्या. अण्णा भेटेल त्याला सांगत होते, "वायरिंग आमच्या चांगुणाताईचं." आबांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मुद्दाम जवळ जाऊन.

२ फेब्रुवारी

दादाला कुवेतची ड्रायव्हरची नोकरी लागली. वीस तारखेला विमान. आम्हाला आजच कळलं. आई जेवली नाही.

मंडळानं पुढच्या शर्यतीची नावं आत्ताच मागवलीत. दादानं फॉर्म भरून माझ्यापुढं ठेवला. चालकाच्या रकान्यात — चांगुणा पुंजाराम.

मला साधी सायकलसुद्धा धड येत नाही! तसं म्हटलं तर त्यानं बाहेर बोट दाखवलं. दारात ट्रक उभा, अण्णांकडून मागून आणलेला. "अठरा दिवस हायेत. चढ."

चढले, स्टिअरिंगपुढं. डाव्या बाजूला दादा बसला.