दिवस मावळायच्या आत

१६ जानेवारी १९३८, रविवार

पौर्णिमेची पंगत पार पडली. आजचे पाहुणे बेळगावचे कुणी वकील. काय बोलले देव जाणे! तारा विचारते, "वहिनी, भाषण कशावर होतं?" मी म्हणाले, राखेवर आणि काथ्यावर!

खोटं काय त्यात? दर पौर्णिमेला बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, आवारात गावातली सगळी जैन घरं जेवायला बसतात, आणि जेवणानंतर बाहेरगावचा पाहुणा चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. मामंजींनीच हे सुरू केलं आणि निपाणीपर्यंत त्याचं नाव झालं. पण जेवण दिवस मावळायच्या आत उरकावं लागतं. मावळल्यावर आमच्यात पाण्याचा घोटही कुणी घेत नाही. मग पुरुष हात पुसून ऐकायला बसतात, तेव्हा आम्ही बायका मागे हंडे घासत असतो! टाळ्या तेवढ्या ऐकल्यात आजवर. भाषण एक नाही.

आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, त्या या पंगतीचं घड्याळ. बस्तीच्या भिंतीवरचं ऊन बघतात आणि दारातून ओरडतात, "दिवस चालला, पानं घ्या!" मग वकील असो की मामलेदार, गप पाटावर येऊन बसतो.

१९ जानेवारी

ताराला संकेश्वरचं स्थळ सांगून आलंय. पोरीला तेरावं वर्ष नुकतं सरलं! सहावीत पहिली आली. मास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले, हिला पुढं शिकवा. तिलाही कोल्हापूरला जायचंय. दिवसभर माझ्यामागे मांजरीसारखी फिरत होती.

मामंजी म्हणाले, "माझी ना न्हाय. तुझ्या आत्याबाईचं मन वळव."

वळव म्हणे! डोंगर वळवणं सोपं.

२० जानेवारी

विचारून बघितलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मानही वर केली नाही. "लई शिकून कुणाचं बरं झालंय गं?"

यावरची उत्तरं मला सुचली ती जिन्यात, चांगली पाच-सहा!

२३ जानेवारी

सुचलं! मी कशाला बोलू? बोलायला अनंतमतीबाईंनाच बोलावू. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या. बालपणी विधवा झाल्या, शिकल्या, आज कोल्हापुरात मुलींचं वसतिगृह चालवतात. त्यांना नुसतं बघितलं तरी आत्याबाईंचं उत्तर आत्याबाईंना मिळेल.

पण आत्याबाई तर तेव्हा हंड्यात डोकं घालून बसलेल्या असणार. तेव्हा आधी भाषण, मग जेवण. स्वयंपाक दुपारीच करून ठेवायचा. यांना सांगितलं तर हसले आणि म्हणाले, अण्णांना तूच सांग. मोठे शूर!

मामंजींना सांगितलं.

३० जानेवारी

मंडळींची बैठक आमच्या सोप्यात झाली. मी दाराआड. कलगोंडा आप्पा, गावातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात तिखट, म्हणतात, "बाई बोलणार, बायका ऐकणार. मग वाढणार कोण, आमी?" सगळे हसले. मामंजी शांतपणे म्हणाले, "एक डाव करून बघू की आप्पा. येळ झाली की आमची मंडळी हाक घालतीच."

आमची मंडळी म्हणजे आत्याबाई. तेवढ्यावर आप्पा कबूल झाले. त्यांच्या हाकेवर गावाचा देवाइतका विश्वास.

१३ फेब्रुवारी

संकेश्वरचे लोक येत्या रविवारी मुलगी बघायला येणार. म्हणजे उद्याचं भाषण एवढाच काय तो आधार.

१४ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू!

दुपारी हुग्गी, भात, आमटी, सगळं तयार. गव्हाच्या खिरीचा तो वास आवारभर! अनंतमतीबाई आल्या, पांढरं लुगडं, हातात छत्री. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला नवऱ्याचं तोंड आठवत नाही. मी पहिल्यांदा वाचलेली पाटी मात्र आठवते. येथे उत्तम तंबाखू मिळेल!" सगळे तंबाखूचे व्यापारीच की, पोट धरून हसले. कलगोंडा आप्पासुद्धा!

मग त्यांनी आपल्या वसतिगृहातल्या मुलींचं सांगितलं. कुणाची पोर पळून आली, कुणाची बापानंच आणून सोडली, कोण आता शाळेत शिकवते. आत्याबाई बायकांत पहिल्या रांगेला बसलेल्या, पदर दातात धरून. मी ऊनबीन काही बघितलं नाही, त्यांच्याचकडे बघत होते. डोळा हलत नव्हता त्यांचा!

आणि बस्तीत आरतीचा दिवा लागला.

सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. भिंतीवर ऊन नाही. आभाळात ऊन नाही. हाक आलीच नव्हती! अख्खं गाव बसलेलं, हुग्गीचं पातेलं काठोकाठ भरलेलं, आणि आता पाणीही प्यायचं नाही. एक पोर भुकेनं रडायला लागलं. पाहुण्या बाईसुद्धा आमच्या सोप्यात उपाशीच झोपल्यात. मला म्हणाल्या, "ब्राह्मी, असं स्वागत आजवर कुठं झालं नव्हतं हो!" आणि हसल्या. मला मात्र रडूच आलं.

अन्न आम्ही तंबाखूच्या वखारीतल्या बायकांना नेऊन दिलं. त्यांना कसली मावळतीची अडचण! मालुबाई दोन वाट्या हुग्गी खाऊन म्हणाली, "वैनी, असलं भाशान रोज ठिवा की!"

१५ फेब्रुवारी

अपेक्षेप्रमाणे. कलगोंडा आप्पा उजाडताच दारात. "बाईच्या बुद्धीनं चाललं, गाव उपाशी झोपलं. फुडच्या पौर्णिमेपासनं पैल्यासारखं." मामंजी मान खाली घालून ऐकत होते. ते मला बघवेना.

आत्याबाईंना कुणी शब्दानं बोललं नाही. त्यांची हाक चुकेल असं कुणाच्या मनातच येत नाही. क्रम बदलला, म्हणून घोटाळा झाला, म्हणून दोष माझा! त्यांचं कालपासून माझ्याशी एक अक्षर नाही.

१६ फेब्रुवारी

विहिरीवर दोघी-तिघींनी मला गाठलं. वाटलं, आता शिव्या. तर एक म्हणते, "त्या पळून आलेल्या पोरीचं फुडं काय झालं गं? मला झोपच आली न्हाय." दुसरी म्हणते, उपासाची भूक तर आपल्याला नेहमीचीच.

भरलेली घागर घेऊन घरी येताना हलकं हलकं वाटलं. वेड्यासारखी एकटीच हसत होते.

१८ फेब्रुवारी

परवा पाहुणे. आत्याबाईंनी ताराचं हिरवं परकर-पोलकं काढून उन्हात टाकलंय. म्हणजे संपलं. तारा तुळशीजवळ पुस्तक उघडं ठेवून बसली होती. पान काही उलटत नव्हतं.

मी हरले. लिहायलाही नको वाटतंय.

१९ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जात्यावर आत्याबाई समोर येऊन बसल्या. खुंट्याला हात घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऊन उतरताना मला दिसत हुतं गं. हाक घातली असती तर समदी पानावर गेली असती, अन् ती बाई तितंच थांबली असती. न्हाय घातली. बोलणी तू खाल्लीस." दोन मुठी जोंधळे वैरले. मग सोप्याकडे तोंड करून, नेहमीच्या त्याच आवाजात ओरडल्या, "अवो, संकेश्वरला सांगावा धाडा, उद्या येऊ नका म्हणावं! पोरगी कोल्हापूरला निघालीया!"