तुझी सही राहिली

माय, तुला लिहायला बसले की आधी अक्षर मोठं काढते. तुला बारीक वाचता यायचं नाही. तू जाऊन दहा वर्षं झाली, तरी ही सवय काही जात नाही.

मी अजून मलकापूरच्या कॉलेजात तासिकांवर शिकवते. पीएचडीनंतर पुढच्या संशोधनासाठी फेलोशिप मिळते, पण पाच वर्षांच्या आतच. माझं हे शेवटचं वर्ष होतं. चारदा नकार आला आणि यंदा चक्क निवड झाली. कापूस वेचणाऱ्या बायांवरचा माझा विषय त्यांना आवडला, त्यातही मुलाखत क्रमांक सात. म्हणजे तुझी. नाव कुठेच नाही, नियमच तसा आहे. आता त्यांनी सगळ्या मुलाखतींची संमतिपत्रं मागवली आहेत. सातव्या क्रमांकाचं नाही.

तो दिवस मला लख्ख आठवतो. धामणगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापतेस, मी रेकॉर्डर पिठाच्या डब्यावर ठेवलाय. तू म्हणतेस, "पोटात तू अन् ओटीत कापूस. दोन्हीचं वझं घेऊन वाकत होती मी." मग पिठाचे हात पुसून माझ्या फायलीकडे बघतेस. "साऱ्या बायाइच्या सह्या घेतल्या, माही काऊन नाही घेत वं?" मी हसले. म्हटलं, तू तर घरचीच, तुझी कसली सही! तू परत भाकरी थापायला लागलीस. साक्षरता वर्गात महिनाभर घोटून शिकलेली सही होती ती, आणि ती मागणारं तुला दुसरं कोण भेटणार होतं? माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती, कोण जाणे. त्याच उन्हाळ्यात तू गेलीस.

सहावीतलं प्रगतिपत्रक आठवतं? गणितात नापास झाले म्हणून तुझी सही मीच ठोकून दिली होती. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "मले इचारलं काऊन नाही? मी मेली हाय का?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी तुझ्या पायाला हात लावून सांगितलं होतं, पुन्हा नाही करणार.

खरं कळवलं असतं तर त्यांनी तुझी मुलाखत वगळायला सांगितलं असतं. ती काढली की माझ्या अर्जात उरतं काय? आणि पुढच्या वर्षी मला अर्जच करता येणार नाही. आठवडाभर संमतीचा कोरा फॉर्म उशाशी ठेवला. कुणाला विचारायचं, तेही कळेना. विचारायचं ते माणूसच नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? फॉर्म मात्र आज सकाळी गेला. तुझं शेवटचं अक्षर नेहमी ओळीच्या खाली उतरायचं, तसंच उतरवलं. पहिल्या फटक्यात जमलं, माय. हात विसरला नव्हता.