चीवर टेबलावर ठेवलं आहे

कोलंबो,
दि. १७ फेब्रुवारी २००३

ती. अक्कास,
पुंजाजीचा आणि मालनचा सविनय जयभीम.

आधी तुझ्या गुडघ्याचं सांग. मी निघालो तेव्हा उजवा सुजलेला होता. निरगुडीचा पाला बांधतेस, की सुनेला, मिनाला नुसतं 'बांधते, बांधते' म्हणून तशीच हिंडतेस? सुदामचा खोकला कसा आहे? हळद शिजवायला घेतली की तो कढईच्या धुरातून हलत नाही आणि मग खोकत बसतो. त्याला तोंडाला दस्ती बांधायला लाव. मी बाप असून माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. मिनाचं डोकं दुखायचं राहिलं का? तिला चष्म्यासाठी वसमतला नेतो म्हणालो होतो, ते माझ्याकडून राहूनच गेलं. आपल्या नातवाचा, आयुषचा पुढचा दात पडला असेल. तांबडी गाय व्याली का, काय दिलं, तेही कळव. आम्हा दोघांची तब्येत चांगली आहे. ज्योतीचीही चांगली आहे.

तुझ्यासाठी अक्षर मोठं आणि सुटं काढून राहिलो. तू साक्षरता वर्गात शिकलीस, मी दुकानांच्या पाट्या आणि विहारातली पुस्तकं वाचून शिकलो. आपलं एकमेकाचं एकमेकाला बराबर लागेल. पण हे पत्र सुदामकडून वाचून घेऊ नको. आपलं आपण वाच, वेळ लागला तरी लागू दे. कुरुंद्याच्या एसटीडीवर फोन लावून तुला बोलावता आलं असतं. पण फोनवर तू सगळ्याला 'बरं, बरं' म्हणतेस, आणि भोवती चार माणसं कान देऊन असतात.

तू निघताना बजावलेलं मी विसरलो नाही. पाली शिकायला म्हणून तीन वर्षांपूर्वी इकडं आलेली आपली पोरगी ज्योती आता भिक्खुणी होऊन चीवर घालायचं म्हणते, हे कळल्यापासून आपल्या घरात कोणी धड जेवलं नाही. वसमतच्या विहारातल्या भंतेजींनी सांगितलं की आई-बापानं तोंडानं होकार दिल्याबिगर चीवर मिळत नसतं, बुद्धाच्या काळापासूनचा नियम आहे. ते ऐकून तूच म्हणालीस, "मंग काय अवघड हाय? दोघं जा, न्हाई म्हना, आन् पोरीला घेऊन या. बाळापूरच्या तातेरावाच्या स्थळाला मी थांबवून ठेवते. पोरगा मास्तर हाय, घर चांगलं हाय." मी 'बरं' म्हणालो होतो. त्याचं पुढं लिहितो. आधी प्रवासाचं सांगतो, कारण तू ते विचारशीलच.

वसमत, नांदेड, तिथून हैदराबाद, सगळं बसनं. मालनला बस किती लागते तुला माहीत आहे. तोंडात आवळकाठी धरून डोळे मिटून बसली होती, मधेच डोळे उघडून "आलं का?" विचारायची. हैदराबादहून रेल्वेनं मद्रास. आता चेन्नई म्हणतात. तिथून विमान. विमानात बसल्यावर पट्टा बांधला तो मालननं उतरेपर्यंत सोडला नाही. तिथं वाढायला ज्या पोरी असतात, त्यातल्या एकीला म्हणाली, "माय, कव्हाची उभी हायेस. बस की जरा." तिला काही कळलं नाही, पण हसली आणि मूठभर गोळ्या देऊन गेली. त्या आयुषसाठी बांधून ठेवल्या आहेत. वरून खाली बघितलं तर शिजत्या कढईवरची वाफ जशी दिसते तसे ढग होते, आणि त्याच्याखाली पाणीच पाणी. मला जरा भ्यायला झालं. मालनला सांगितलं नाही.

उतरल्यावर तपासणीच्या साहेबानं सामान उघडलं. आपल्या मळ्यातल्या हळदीची पिशवी, ज्वारीचं पीठ, ठेचा. हळदीला नाक लावलं आणि शिंकला. माझ्या खिशातला बाबासाहेबांचा फोटो बघून म्हणाला, "फादर?" तेवढं इंग्रजी मला कळतं. मी मान हलवली. मालन मागून म्हणाली, "खोटं काय हाय त्यात."

ज्योती बाहेर उभी होती. पांढरी साडी, वेणी तशीच. वाळलेली नाही. आमच्या पाया पडली आणि पहिलं तुझंच विचारलं, "मोठ्या मायचा गुडघा?"

शहर मोठं आहे, पण आरडाओरडा कमी. रस्त्याच्या कडेनं चाललं की एका बाजूला समुद्र असतो. त्याचा आवाज मालनला झोपू देत नाही. म्हणते, कोणीतरी सारखी हळद पाखडून राहिलंय असं वाटतं. बाया उन्हात छत्री घेऊन चालतात. इथली अक्षरं वाळत घातलेल्या कुरडयांसारखी गोल गोल. मी पाट्या वाचून शिकलेला माणूस, इथं एक पाटी वाचता येईना तेव्हा आंधळ्यासारखं झालं. भाजीत नारळ, चटणीत नारळ, सकाळच्या न्याहारीतही नारळ. मालन म्हणते, "ह्यांचं लेकरू हातात नारळ घेऊनच येत आसल." इथं बरीच वर्षं लढाई चालली, आता थांबलेली आहे. तरी चौकात पोत्यांच्या आड शिपाई बंदूक घेऊन असतो. त्याच चौकात काचेच्या पेटीत बुद्धमूर्ती. जाणारा येणारा हात जोडतो, तो शिपाईसुद्धा. काल पौर्णिमा होती. सगळी दुकानं बंद, आणि रस्त्यानं नुसती पांढऱ्या कपड्यातली माणसं विहाराकडं चाललेली, म्हातारी, लेकरं, साहेब लोक, सगळी. आम्हीही त्यांच्यात गेलो. कोणी विचारलं नाही की तुम्ही कुठले, कोणत्या वस्तीतले. वंदना आपलीच, शब्द तेच, चाल वेगळी. मालन आपल्या चालीत म्हणत राहिली, तर शेजारची म्हातारी थांबून तिच्याकडं बघत होती. मग ती म्हातारी तिचा हात धरून बसली.

आता मुद्द्याचं लिहितो.

ज्योती जिथं राहते तो भिक्खुणींचा विहार आहे, आम्हालाही तिथंच एक खोली दिली आहे. त्या दुपारनंतर जेवत नाहीत. ज्योतीही तसंच करते. मालनला तेच सगळ्यात आधी खटकलं, "पोरगी उपाशी झोपून राहिली." विहाराच्या थोरल्या माताजी आहेत, वयानं तुझ्याएवढ्या असतील. आम्ही पोचल्यावर चार दिवसांनी त्यांनी आम्हाला समोर बसवलं. टेबलावर घडी करून चीवर ठेवलेलं. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला त्यांची भाषा येत नाही. मधे ज्योती. त्या बोलायच्या, ही आम्हाला सांगायची. त्यांनी विचारलं, "मुलगी तिच्या मनानं आली आहे. तुम्हा दोघांचं म्हणणं काय?"

मी तुला दिलेला शब्द पाळला, अक्का. म्हणालो, "आमची परवानगी न्हाई. घरी लगन ठरत आलंय. आमचं लेकरू आमाला माघारी द्या."

ज्योतीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या भाषेत सांगितलं. मालन माझ्या कानाशी आली, "बराबर सांगितलं का हो हिनं? का भलतंच काही?" तेवढ्यात माताजी उठल्या. चीवर उचललं, कपाटात ठेवलं आणि कपाट लावलं. मग आम्हाला चहा घेणार का विचारलं. तेही ज्योतीनंच सांगितलं.

म्हणजे तिनं होतं तसं सांगितलं होतं. 'आबा व्हय म्हणाले' असं ती बोलली असती तर आम्हाला आजतागायत पत्ता लागला नसता.

त्यानंतर ती रुसली नाही की रडली नाही. मला भात वाढला, मालनच्या केसाला तेल लावून दिलं. भांडली असती तर मीही चार शब्द बोललो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिनं ट्रंक भरलेली. पुस्तकं दुसऱ्या पोरींना देऊन टाकलेली. बाळापूरच्या पाहुण्यांपुढं बसायला म्हणून तू जी हिरवी साडी दिली होतीस, ती नेसून उभी. म्हणाली, "चला आबा, तिकिटाचं बघून येऊ."

बसनं निघालो. बसला गर्दी, आम्ही उभे. पुढची जागा रिकामी बघून मालन जाऊन बसली. कंडक्टर आला, हात जोडून काही म्हणाला.

ज्योती म्हणाली, "माय, ऊठ. ती जागा चीवरवाल्यांची आसती."

"रिकामीच हाय की."

"रिकामी आसली तरी कोनी बसत न्हाई."

मालन उठली. ऊठ म्हटलं की उठायचं, काहून म्हणून पुसायचं नाही, हे तिच्या अंगात लहानपणापासून आहे. तुझ्याही आहे. दांडी धरून ती त्या जागेकडं बघत राहिली. पुढच्या थांब्यावर एक भिक्खुणी चढली, ज्योतीच्याच वयाची, डोळ्याला चष्मा. माणसं बाजूला सरली, कंडक्टरनं तिची पिशवी घेतली, ती त्या जागेवर बसली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.

मालननं ज्योतीला विचारलं, "ही कोनाची पोरगी आसल?"

"काय म्हाईत. कोळ्याची आसल, न्हाईतर मळ्यावरच्या मजुराची. चीवर घातल्यावर कोनी पुसत न्हाई."

मालन दांडी धरत माझ्याकडं सरकली. मग मला म्हणाली, "आवो, आपन घरी काय नेऊन राहिलो?"

"काय म्हंजे? पोरीला."

"पोरगी कुठं हाय ही? तुमी न्हाई म्हनले, ते तिनं तिकडं पोचवलं. आता सोत्ताला कुरुंद्याला पोचवून राहिली. आपन टपाल नेऊन राहिलो."

"अक्काला काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हना, मालननं उतरवलं."

आणि खरंच तिनं थांबा आल्यावर आम्हाला खाली उतरवलं. तिनं सांगितलं तसं मी तिचं नाव लिहिलं, पण तेवढंच लिहिलं तर ते खोटं होईल. कपाट लागलं त्या वेळीच मला माझा शब्द माघारी घ्यावासा वाटला होता. बोलून दाखवायची छाती तिची झाली, माझी झाली नाही.

माघारी आलो. माताजींपुढं पुन्हा बसलो. मालन आधी म्हणाली, "माझा व्हय हाय." मग मी म्हणालो. ज्योतीनं दोन्ही होकार सांगितले, आदल्या दिवशीच्याच आवाजात. आणि मग आम्ही न बोललेलं असं बरंच काही बोलली. माताजी ऐकत होत्या. त्यांनी कपाटातून चीवर काढलं, पण तिच्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.

मी विचारलं, "तू आन् काय सांगितलं त्यास्नी?"

ती म्हणाली, "मी सांगितलं, मला दोन आया हायेत. एकीनं व्हय म्हनलंय. मला न्हाऊमाखू घालनारी दुसरी घरी हाय. मालन माय रानात जायची तव्हा मी तिच्याच मांडीवर होते. तिचं आल्याबिगर मी केस काढनार न्हाई."

मालन तिला म्हणाली, "आन् ती न्हाई म्हनली तर?"

"तर ट्रंक भरलेलीच हाय."

हे ती तोऱ्यात म्हणाली नाही. तू तिला ओळखतेस.

अक्का, तातेरावाच्या घराला मी नावं ठेवत नाही. तू निघताना म्हणालीस, "बाईचं एकटं जिनं काय आसतं ते मला विचार." ते तू भोगलं आहेस. नवऱ्यानं तुला काढून दिलं तेव्हा तुला कोणी विचारलं नाही, आणि बाबांनी तुला बैलगाडीत घालून घरी आणलं तेव्हाही कोणी विचारलं नाही. इथं मी इतके दिवस बघून राहिलो, ह्या बाया एकट्या नाहीत. एकीला ताप आला तर दुसरी रात्रभर उशाला बसते. पण हे मी बघितलेलं आहे, तू बघितलेलं नाही. म्हणून मी तुला समजावत बसत नाही. ज्योती तुला विचारून राहिली आहे, एवढंच सांगतो.

पुढच्या पौर्णिमेला चीवर द्यायचं म्हणतात. तोवर आम्ही इथंच आहोत. सुदामला सांग, हळद वाळत घालताना हळकुंडं आणि गड्डे वेगळे ठेव, आणि मी नाही म्हणून घाईनं विकू नको. तातेरावाला इतक्यात काही कळवू नको, होय नाही काहीच.

ज्योतीनं वेगळ्या कागदावर इथला पत्ता इंग्रजीत लिहून दिला आहे, तो सोबत घातला आहे. तो तसाच पाकिटावर चिकटव. टपालाला इकडं यायला दिवस लागतात, तेव्हा हे वाचून झालं की लगेच लिहायला बस. लांबलचक लिहू नको, तुझा हात दुखतो. एक शब्द लिहिलास तरी पुरे. तो कोणता, हे मी सांगणार नाही आणि मालनलाही सांगू देणार नाही. तू लिहिशील तो ज्योती माताजींना वाचून दाखवेल, आणि आहे तसाच सांगेल.

तुझ्या अक्षराची वाट बघणारा,
तुझा धाकटा भाऊ
पुंजाजी