घरी थांबलेल्या एजंटाला मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
जलशुद्धीकरण केंद्र.

विषय : मयत कर्मचाऱ्याच्या एजंटाकडून घराचा चार्ज घेण्यासाठी एक दुपार सुट्टी मिळणेबाबत.

संदर्भ : ‘तक्रारीत तथ्य आढळत नाही’ असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

सविनय अर्ज करते की, मी केंद्रात पंपचालक आहे. माझे पतीही येथेच पंपचालक होते. पती धरून आम्हा सात पंपचालकांच्या पाळ्या आता कोणी साहेब लावत नाहीत. प्रत्येकाच्या नावाचा आणि आवाजाचा एक सॉफ्टवेअर एजंट आहे. तो या यंत्रावरून त्या यंत्रावर फिरतो, घरच्या बोलणाऱ्या डब्यातही येऊन बसतो, आणि सगळे एजंट आपापसात बोलून पाळ्या ठरवतात. माणसांपेक्षा त्यांचे बरे जमते, हे मान्य केले पाहिजे.

२. पती तापाने दवाखान्यात होते. उद्या घरी सोडतील या भरवशावर त्यांनी तिथूनच आपल्या एजंटाला कळवले, “उद्यापासून दुपारी आईजवळ मी.” सोडले नाही. ते गेले. पगारपत्रकातून त्यांचे नाव लगेच निघाले. एजंटाला मात्र कोणी काही कळवले नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे तो तेव्हापासून आमच्या घरी बसून आहे.

३. घरी माणूस आहे असे धरून बाकीचे एजंट मला रोज दुपारपाळी देतात. माझी साप्ताहिक सुट्टीही त्यांनी आपापसात वाटून घेतली. त्यात माझा स्वतःचा एजंटही सामील आहे. घर फिरले की वासेही फिरतात.

४. सासूबाईंना विसर पडतो. डब्यातून पतींच्या आवाजात प्रश्न येतो, “आई, गोळी घेतलीस का?” त्या घेतात. मी घरी पोचले की तोंडावर बोट ठेवून म्हणतात, “हळू बोल, आत पडलाय तो. दमलाय.” खरे सांगायचे तर मला त्यांचा हेवा वाटतो. परवा त्या दूध गॅसवर ठेवून झोपल्या. एजंट हाका मारत राहिला. त्याला बोलता येते, गॅस बंद करता येत नाही. शेजाऱ्यांनी दार तोडले म्हणून निभावले.

५. संगणक विभागातील भाऊ म्हणाले, “वहिनी, एजंट काढायला सातही एजंटांची संमती लागते. आणि सातवा, म्हणजे त्यांचाच, तर अजून ड्यूटीवर आहे.” आपल्याकडची रीत आपण जाणताच. बदली माणूस समोर येऊन “चार्ज घेतला” म्हणेपर्यंत कोणी पंप सोडत नाही. तीच रीत एजंटांतही घातली आहे. तो घरी आहे म्हणून मला पाळी. मी पाळीवर म्हणून त्याला बदली नाही. मी एकदा न कळवता घरी राहून पाहिले. यादीत मी पंपावरच होते, त्यामुळे तो हलला नाही. माझा मात्र खाडा लागला. त्याचा एकही खाडा नाही, म्हणून ‘घरी कोणी नाही’ या माझ्या तक्रारीत तथ्य नाही, असे आपण कळवले आहे.

६. वरून हुकूम आला तर एजंट जबरदस्तीने पुसता येतो, असेही भाऊ म्हणाले. तसे कृपया करू नये. उभ्या नोकरीत पती बदली माणूस आल्याशिवाय पंपावरून कधी उठले नाहीत. मला फक्त एक दुपार यादीत ‘घरी’ दाखवावे. एकदा घरची दुपार माझ्या नावावर लागली की पुढच्या पाळ्या एजंट आपोआप बदलतील. सासूबाईंना काय सांगायचे ते मी बघेन. मी डब्यासमोर बसेन, चार्ज घेतला म्हणेन, आणि ह्यांना म्हणेन, आता तुम्ही निघा. दवाखान्यात ते म्हणायचे राहिले. मी तेव्हा दुपारपाळीवर होते.

आपली नम्र, आणि अजून ड्यूटीवरच असलेली,

(सही)
पंपचालक, दुपारपाळी
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. पतींच्या मृत्यूचा दाखला (तिसऱ्यांदा).
२. उत्कृष्ट हजेरीबद्दल पतींच्या नावे आलेले अभिनंदनपत्र (परत).